उंदरांचा हेवा

रविवारी सकाळी बसवनगुडीतली बाकीची नवरेमंडळी बायकामुलांना घेऊन इडली-वडा खायला निघायची आणि माझा नवरा उंदरांची वजनं करायला. आजारी पाडलेल्या उंदरांना रविवार नसतो, असं तो म्हणायचा. रोज ठरल्या वेळी वजन, रोज विष्ठेची तपासणी, अंगावरचे केस नीट बसलेत की उभे राहिलेत ते पाहणं. शहराच्या पार उत्तर टोकाला एका संशोधन संस्थेत तो काम करायचा, अजूनही करतो. कामाचं स्वरूप असं, की धडधाकट उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात एक पावडर मिसळायची. ती त्यांच्या मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर खरवडून काढते. आठवडाभरात त्यांना जुलाब लागतात, रक्त पडतं, वजन उतरतं. मग त्यांतल्या काहींना नवं औषध द्यायचं, काहींना द्यायचं नाही आणि कोण कसं सावरतंय ते बघायचं. माणसांना होणाऱ्या एका आजाराची ती नक्कल होती.

तो आजार मला होता.

हे ऐकलं की लोकांना वाटतं, त्याने माझ्यासाठीच हे काम हाती घेतलं असणार. आमच्या ओळखीतल्या एकीने तर डोळे भरून माझे हात धरले होते. तसं काही नाही. आमचं लग्न ठरलं तेव्हाही तो आतड्यांवरच काम करत होता. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात माझ्या मामाने ‘नक्की काय करता?’ म्हणून विचारलं, तेव्हा त्याने पोह्यांची बशी हातात धरून ते इतक्या तपशिलात सांगितलं, की मामाने पुन्हा पोहे घेतले नाहीत. मला तो आवडला तो तिथेच. आपल्या कामाबद्दल असं बोलणारा माणूस मी पाहिला नव्हता.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मला पहिल्यांदा रक्त दिसलं. मला वाटलं, मूळव्याध. सांगलीला आईला फोन केला, तिने सब्जा आणि गुलकंद सांगितला. आमच्या घरमालकीणबाई खालच्या मजल्यावर राहतात. त्यांचं घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या इथेच, कन्नड मुलखात गेलेल्या. त्या म्हणाल्या, ‘‘उष्णता झाली गं तुला. ताक पी, स्वल्प मेथी घालून. सरी होतं.’’ ताक प्यायले. सरी, म्हणजे ठीक, काही झालं नाही. शेवटी कोलोनोस्कोपी झाली आणि डॉक्टरांनी नाव सांगितलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. शरीर आपल्याच आतड्यावर उलटतं, का ते कुणाला नक्की ठाऊक नाही, पूर्ण जात नाही, पण आटोक्यात ठेवता येतं. हे सगळं डॉक्टर माझ्या नवऱ्याला सांगत होते. हा त्यातलाच माणूस आहे हे त्यांना कळलं मात्र, दोघांची गाडी सुसाट सुटली. कुठल्या पेशी, कुठली प्रथिनं, परदेशात काय चाललंय. मी दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसून होते, पाठीमागे पोटाच्या नकाशाचं कॅलेंडर होतं. घरी येताना त्याने मला सीताफळाचं आइस्क्रीम घेऊन दिलं आणि तो एवढंच म्हणाला, ‘‘गोळ्या चुकवू नकोस हं.’’

मी गोळ्या चुकवल्या नाहीत. काही महिने बरी असायचे, मग एखाद्या सोमवारी पुन्हा सुरू व्हायचं. माझं ऑफिस एचएसआर लेआउटमध्ये. सॉफ्टवेअर तपासायचं काम, म्हणजे लोकांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या. काम आवडीचं, रस्ता वैऱ्याचा. ज्याचं पोट त्याच्या ताब्यात आहे, त्याला सिल्क बोर्डाच्या सिग्नलला अर्धा अर्धा तास अडकून नुसता कंटाळा येतो. मला घाम फुटायचा. बसवनगुडीपासून ऑफिसपर्यंत कुठल्या पेट्रोल पंपाचं बाथरूम उघडं असतं, कुठल्या दवाखान्यात रिसेप्शनवरची मुलगी काही न विचारता आत सोडते, हे मला पाठ होतं. एकदा बसच्या ड्रायव्हरला हात जोडून सिग्नललाच दार उघडायला लावलं आणि समोर दिसलं त्या हॉटेलात धावले. मॅनेजर म्हणाला, फक्त गिऱ्हाइकांसाठी. मी काउंटरवर कॉफीचं कूपन घेतलं आणि कॉफी तिथेच ठेवून पळाले. परत आले तेव्हा तिच्यावर साय धरली होती.

यातलं काहीही मी नवऱ्याला सांगितलं नाही, कारण त्याने विचारलं नाही.

तो वाईट होता असं नाही. मी आडवी झाले की मऊ भात लावायचा, त्यावर साजूक तूप घालायचं की नाही यावर स्वतःशीच वाद घालायचा. औषधं संपायच्या आत आणून ठेवायचा. पण ‘आज कसं आहे?’ हा प्रश्न त्याच्या तोंडून निघायचा नाही. पोटाचा विषय निघाला, की तो उठून खिडकी लावायचा नाहीतर फोन बघायचा. आणि त्याच फोनवर संध्याकाळी त्याच्या सहकारी मुलीला विचारायचा, ‘‘तिसऱ्या पिंजऱ्यातल्या दोन रेघांवाल्याने आज खाल्लं का? विष्ठा कशी होती? कालपेक्षा घट्ट? रक्त? नक्की? नीट बघितलंस ना?’’

उंदीर ओळखायला त्यांच्या शेपटीवर मार्करने रेघा मारतात. एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा. मी आमटीला फोडणी देत हे संभाषण ऐकायचे आणि मोहरी करपायची. त्या दोन रेघांवाल्याचा मला इतका हेवा वाटायचा, की सांगायची सोय नाही. मैत्रिणीला काय सांगणार? नवरा माझ्याकडे बघत नाही, उंदराकडे बघतो? दुसरी बाई असती तर निदान लोकांना समजलं असतं.

ती सहकारी मुलगी म्हैसूरकडची, पीएचडी करणारी, हसरी. मला पहिल्या भेटीपासून ‘अक्का’ म्हणायची. तिच्यावर संशय घ्यावा असं तिच्यात काही नव्हतं आणि त्याचाच मला राग यायचा. संस्थेत वर्षातून एकदा घरच्या मंडळींना बोलावतात. प्रयोगशाळा दाखवतात, मुलांना सूक्ष्मदर्शकातून कांद्याची साल दाखवतात. उंदरांच्या खोल्यांत बाहेरच्यांना सोडत नाहीत, म्हणून तिने मला तिच्या फोनवर एक व्हिडिओ दाखवला. नव्या विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी काढलेला होता. मास्क, टोपी, हातमोजे, नुसते डोळे दिसतात, पण हात माझ्या नवऱ्याचे. त्याने काळा उंदीर मानेच्या मागच्या कातडीला धरून अलगद उचलला, करंगळीखाली शेपूट दाबली आणि औषध पोटात सोडायची, टोक गोल आणि बोथट असलेली वाकडी सुई त्याच्या तोंडातून घशाखाली उतरवली. उंदराचे पाय क्षणभर हवेत ताठ झाले. तेव्हा नवऱ्याचा आवाज आला. अगदी हळू. ‘‘झालं, झालं. झालं हं बाळा.’’

‘‘अक्का,’’ ती मुलगी हसत म्हणाली, ‘‘हे सर प्रत्येकाला म्हणतात. आम्ही सगळे आता तेच म्हणतो. अर्थ काय त्याचा?’’

मी तिला इंग्रजीत अर्थ सांगितला. कोलोनोस्कोपीच्या दिवशी मी तीन वेळा नर्सला ‘झालं का?’ म्हणून विचारलं होतं. नवरा बाहेरच्या बाकावर बसला होता. मराठीत तो घरात माझ्याशी बोलायचा आणि तिथे उंदरांशी. त्या मुलीला हे शब्द रोज ऐकायला मिळत होते. उंदरांना मिळत होते. मला एकदाही मिळाले नव्हते.

पुढच्या पावसाळ्यानंतर त्यांच्या नव्या औषधाचा प्रयोग सुरू झाला आणि दसऱ्याच्या सुमारास माझा आजार पुन्हा उफाळला. या खेपेला जास्तच. मी ठरवूनच गप्प राहिले. त्याने विचारावं, याची वाट बघत राहिले. बाथरूमचा नळ सोडून ठेवायचे, म्हणजे बाहेर आवाज जाऊ नये, आणि बाहेर आले की त्याच्याकडे बघायचे. तो लॅपटॉपमध्ये. सलवारीची नाडी रोज थोडी आणखी ओढावी लागत होती. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. घरमालकीणबाई जिन्यात अडवून म्हणाल्या, ‘‘डाएट का काय ते करतेयस का? पुरे आता.’’ तो मात्र घरी आला, की खुशीत. औषध दिलेल्या उंदरांचं वजन परत चढायला लागलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर, माझ्या मामासमोर पोह्यांची बशी धरून बोलताना होता, तसा उजेड होता. मला तो उजेड बघवत नव्हता.

प्रयोग चांगला झाला म्हणून त्यांच्या गटाने एका हॉटेलात दुपारचं जेवण ठरवलं. घरच्यांनाही बोलावणं होतं. जाऊ नये असं मनात आलं, पण मी गेले. काय बोलतो ते ऐकायचं होतं. जेवताना त्याच्या साहेबांनी त्याला चार शब्द बोलायला सांगितलं. तो उभा राहिला आणि उंदरांबद्दल बोलला. कुणी पहिल्यांदा खायला सुरुवात केली, कुणाच्या अंगावरचे केस पुन्हा चकचकीत झाले, एक जण तर जगणारच नाही असं वाटत होतं तो कसा पिंजऱ्याच्या जाळीला लोंबकळायला लागला. सगळे हसले, टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. माझ्या पानात दहीभात होता, आणि त्यातली मोहरी मी बोटाने बाजूला करत होते.

म्हैसूरची मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. तिने माझ्या मनगटाकडे बघितलं.

‘‘अक्का, तुम्ही खूप बारीक झालात. पुन्हा सुरू झालंय का?’’

इतक्या दिवसांत कुणीतरी विचारलं होतं. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. पण मनात पहिलं आलं ते हे, की विचारलं ते हिने. हिला विचारता येतं. म्हणूनच तो हिच्याशी बोलतो. मी म्हटलं, ‘‘नाही, जरा कामाचा ताण,’’ आणि पाणी प्यायले.

घरी जायला रिक्षा केली. रस्त्याला ही गर्दी. माझं पोट दुखत होतं आणि डोकंही. ड्रायव्हर कन्नडमध्ये फोनवर बोलत होता, तेव्हा मराठीत काहीही बोलायला हरकत नव्हती.

‘‘तुझ्या उंदरांची वजनं वाढली,’’ मी म्हटलं. ‘‘माझं किती उतरलंय, माहीत आहे?’’

मला वाटलं, तो दचकेल. तो समोर बघत म्हणाला, ‘‘हो.’’

‘‘किती?’’

‘‘पाच किलो तरी. सहाही असेल. दसऱ्यापासून.’’

‘‘आणि रक्त?’’

‘‘आहे. तू नळ सोडून ठेवतेस.’’ मग थोड्या वेळाने, ‘‘पहाटे पण जातेस. ते चांगलं लक्षण नाही.’’

मला एवढा धक्का आयुष्यात बसला नसेल. त्याच्या लक्षात आलं नाही, हे मी सहन करत होते. त्याच्या सगळं लक्षात होतं, हे सहन होईना.

‘‘मग विचारलं का नाहीस?’’ माझा आवाज चढला. ‘‘त्या काळ्या उंदरांना रोज विचारतोस. त्यांना बाळा म्हणतोस! मला एकदा तरी विचारायचं होतंस!’’

रिक्षा एका बसच्या मागे अडकली होती, तिचा धूर आत येत होता. त्याने माझ्या नाकासमोर स्वतःचा रुमाल धरला. मी तो ढकलला.

‘‘मी विचारायला लागलो की आकडे लावतो,’’ तो म्हणाला. ‘‘आपोआप होतं. पातळ असेल तर दोन, रक्त दिसलं तर चार. वजन एवढं उतरलं तर तीन. रोजची बेरीज. मग शेवटच्या दिवशी त्यांचं काय करतो, ते माहीत आहे ना तुला?’’

मला माहीत होतं. शेवटच्या दिवशी त्यांना मारतात. प्रत्येकाचं आतडं काढून टेबलावर सरळ ठेवतात आणि पट्टीने मोजतात. जितका आजार जास्त, तितकं आतडं आखडलेलं. पहिल्या वर्षी त्यानेच सांगितलं होतं आणि त्या रात्री तो जेवला नव्हता.

‘‘ज्यांना रोज विचारतो ते सगळे त्या टेबलावर जातात,’’ तो म्हणाला. ‘‘तू बाथरूममधून बाहेर आलीस की मला तुझं आतडं दिसतं. लाल, सुजलेलं, आखडलेलं. मला ते दिसायला नको होतं. तुला त्यांच्या रांगेत बसवायचं नव्हतं मला.’’

हे ऐकून मी विरघळायला हवं होतं. मी विरघळले नाही. मला आणखी राग आला.

‘‘रांगेत तर मी आहेच. तू विचार नाहीतर नको विचारू. आणि त्यांचं तरी बरं आहे, पाणी बदललं की सुटतात. माझं पाणी कुणी बदलायचं?’’

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसात पहिल्यांदाच नीट पाहिलं.

‘‘तेच तर,’’ तो म्हणाला. ‘‘ते तुझ्यासारखे नाहीतच. पावडर थांबवली की त्यांचं अस्तर आपलं आपण परत येतं. औषध नाही दिलं तरी येतं. आमच्या औषधाने थोडं लवकर येतं, एवढंच. आज सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या ना, मला खाली बसावंसं वाटत होतं. मी नक्कल बरी केलीय. खरा आजार समोर बसून दहीभात खात होता.’’

मग तो रडायला लागला. रिक्षात, भर रस्त्यात, साहेबांच्या जेवणाला म्हणून घातलेल्या इस्त्रीच्या शर्टात. मी त्याचा रुमाल त्याला परत दिला. घर आलं तेव्हा ड्रायव्हर मागे वळून स्वच्छ मराठीत म्हणाला, ‘‘अक्का, डॉक्टरला दाखवा. असं अंगावर काढू नका.’’ आम्ही दोघं त्याच्याकडे बघतच राहिलो. त्याचे पणजोबा म्हणे तंजावरकडून आले होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. पुन्हा कोलोनोस्कोपी झाली, अस्तरावर सगळीकडे जखमा होत्या. डॉक्टरांनी सवयीने नवऱ्याकडे बघून बोलायला सुरुवात केली. तो म्हणाला, ‘‘तिच्याशी बोला, प्लीज.’’ डॉक्टर जरा अडखळले, मग माझ्याकडे वळून त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. आधी स्टेरॉइड, त्याने आग विझेल. पण ते कायम घेता येत नाही. मग बायॉलॉजिक, म्हणजे सलाइनमधून द्यायचं एक औषध, जे सूज पेटवणाऱ्या एकाच प्रथिनाला पकडून ठेवतं. त्याआधी टीबी नाही ना याच्या तपासण्या, कारण हे औषध प्रतिकारशक्तीला लगाम घालतं आणि अंगात दबून राहिलेला टीबी असला तर तो डोकं वर काढतो. मी प्रश्न विचारले. सॉफ्टवेअर तपासणाऱ्या बाईला कुठे काय बिघडू शकतं हे विचारायची सवय असते. डॉक्टरांनी सगळ्यांची उत्तरं दिली.

स्टेरॉइडने तोंड पुरीसारखं फुगलं, चिडचिड वाढली. पण रक्त थांबत आलं. आणि नवरा विचारायला लागला. सकाळी चहाचा कप समोर ठेवायचा, खुर्ची ओढायचा आणि परीक्षेला बसल्यासारखा चेहरा करून म्हणायचा, ‘‘आज कसं आहे?’’ मी सांगायचे. सुरुवातीला त्याचे कान लाल व्हायचे. ‘‘किती आकडा लावलास?’’ मी विचारायचे. ‘‘लावला नाही,’’ तो खोटं सांगायचा. कधीकधी मला त्या प्रश्नाचाही वैताग यायचा. मी म्हणायचे, ‘‘आज पेपर वाच तू.’’ पण त्याने खरंच पेपर उचलला, की मला पुन्हा तेच वाटायचं. तिकडे गेला की सगळ्या उंदरांना विचारेल.

त्या सुमारास त्यांच्या औषधाचा दुसरा प्रयोग चालू होता. यातले उंदीर वेगळे. त्यांच्यात एक जनुक जन्मापासूनच नसतं, आणि त्यामुळे वाढत्या वयात त्यांना आजार आपोआप होतो. पाण्यात काही मिसळावं लागत नाही, आणि पाणी बदलून तो जातही नाही. ‘‘हे जरा तुझ्या जवळचे,’’ नवरा म्हणाला. मला त्यांचा हेवा वाटला नाही. पहिल्यांदाच.

औषध त्यांच्यावर चाललं नाही. काहीच फरक नाही. एका संध्याकाळी म्हैसूरच्या मुलीचा फोन आला, शेवटची मोजमापं झाली होती. तिच्या पीएचडीची वर्षं त्यात गेली होती. ती फोनवर रडत होती, ते मला पलीकडच्या खुर्चीवरून ऐकू येत होतं. नवरा गॅलरीत गेला, इंग्रजीत तिला काहीबाही समजावत राहिला, आणि मग म्हणाला, ‘‘झालं, झालं. झालं हं.’’

तो आत आला तेव्हा मी त्याला म्हटलं, ‘‘तिला कशाला मराठीत?’’

‘‘अगं, तिला तेवढंच मराठी येतं.’’

‘‘म्हणूनच विचारतेय.’’

तो हसला. मला हसायचं नव्हतं. एवढ्या सगळ्यानंतरही तो शब्द माझ्या वाट्याचा कापून कुणाला तरी दिल्यासारखं मला वाटत होतं. आजार कमी झाला म्हणून हेवा कमी होत नाही, असं दिसलं.

पुढच्या शनिवारी ती मुलगी आमच्या घरी आली. डोळे सुजलेले, हातात आईने पाठवलेल्या मैसूरपाकाचा डबा. नवरा दूध आणायला गेला होता. तिने मला विचारलं, ‘‘अक्का, मला एक सांगाल? यात सगळ्यात वाईट काय असतं? उंदीर सांगू शकत नाहीत.’’

मला वाटलं होतं, हिला मी काही सांगणार नाही. पण मी सांगत गेले. रक्त नाही, दुखणंही नाही. सिग्नल. सिग्नलला उभी राहिलेली बस. लग्नाच्या जेवणाला गेलं, की आधी बाथरूम कुठे ते बघणं. झोपूनही न जाणारा थकवा, आणि लोक ‘छान बारीक झालीस’ म्हणतात ते. ती गुडघे पोटाशी घेऊन ऐकत होती.

‘‘यातलं काहीच आम्ही मोजत नाही,’’ ती म्हणाली.

‘‘कसं मोजणार? त्यांना कुठे ऑफिसला जायचं असतं?’’

ती हसली, मग मैसूरपाकाचा मोठा तुकडा तोडून तिने तोंडात टाकला. दुसरा, तिसरा. बोलता बोलता, तुपाने बोटं माखून. तिच्या पोटात काय जातंय, याकडे तिचं लक्षही नव्हतं. मला तिच्या पीएचडीचा, तिच्या वयाचा, माझ्या नवऱ्याच्या तिला मिळणाऱ्या वेळाचा कधी वाटला नसेल एवढा त्या खाण्याचा हेवा वाटला. मी डबा तिच्याकडे सरकवला. ‘‘अजून घे,’’ म्हटलं. तिने घेतला.

बायॉलॉजिकचा पहिला डोस झाला, दुसरा झाला. तिसऱ्याच्या वेळेपर्यंत मी ऑफिसला बसने जायला लागले होते. हॉस्पिटलमध्ये त्यासाठी वेगळी खोली आहे. आरामखुर्च्या, एसी, प्रत्येकाच्या शेजारी सलाइनचा खांब. दोनेक तास बसायचं. नवरा सुट्टी काढून आला होता. थेंब पडायला लागले तसा तो म्हणाला, ‘‘या औषधाचा थोडा भाग उंदराचाच असतो. उंदराच्या शरीरात पहिल्यांदा बनलं हे, मग त्यातला बराचसा भाग माणसाचा जोडला. उंदराचं आणि माणसाचं मिळून एकच.’’

मी नळीकडे बघत राहिले. ‘‘आधी सांगायचं होतंस.’’

‘‘तू चिडली असतीस.’’

हे मात्र खरं होतं.

शेजारच्या खुर्चीत एक कॉलेजातली मुलगी होती. पहिलाच डोस. तिची आई तिचा हात घट्ट धरून बसली होती. नवऱ्याचं बोलणं मुलीच्या कानावर पडलं असावं, कारण तिने इंग्रजीत विचारलं, हे खरंच उंदरांपासून बनतं का? झालं. नवरा खुर्ची फिरवून तिला सांगायला लागला. सोप्या शब्दांत, हातवारे करून, अस्तर म्हणजे काय, सूज कशी पेटते, हे औषध ती पेटवणाऱ्या प्रथिनाला कसं पकडतं. मायलेकी दोघी डोळे मोठे करून ऐकत होत्या. माझ्या पहिल्या वेळी मला हे असं कुणी सांगितलं नव्हतं. आइस्क्रीम मिळालं होतं. त्या मुलीच्या आईचा हात, तिला मिळालेला माझा नवरा, तिचं एवढ्या लवकर झालेलं निदान, या सगळ्याचा हिशेब माझ्या मनात आपोआप सुरू झाला.

‘‘कॉफी आणतोस का?’’ मी त्याला म्हटलं. तो लगेच उठला.

तो गेल्यावर मुलगी माझ्याकडे वळली. हळू आवाजात, आईला ऐकू जाऊ नये असं म्हणाली, ‘‘तुम्हाला बरं वाटतंय का याने? खरं सांगा.’’

‘‘वाटतंय,’’ मी म्हटलं. ‘‘पहिल्या डोसला काही कळलं नाही. दुसऱ्यानंतर वाटायला लागलं.’’

‘‘मसाला पुरी खाता येते?’’

‘‘मागच्या आठवड्यात खाल्ली. अर्धी प्लेट, तिखट कमी घालायला सांगून.’’

‘‘कुठे?’’

तेवढ्यात नर्स तिची सुई घेऊन आली. मुलीने हाताकडे एकदा बघितलं आणि झटकन तोंड माझ्याकडे फिरवलं. मी तिला गांधी बझारच्या कोपऱ्यावरची चाटची गाडी सांगितली. तिथला माणूस वाटाण्याचा रस्सा पातळ ठेवतो, गाजर वरून किसून घालतो, आणि संध्याकाळी जरा लवकर गेलं तर बसायला स्टूल मिळतं. नर्सने पट्टी चिकटवली. मुलगी म्हणाली, ‘‘गाजर मला आवडत नाही.’’ मी म्हटलं, ‘‘मग त्याला सांग, घालू नको. ऐकतो तो.’’